विमानातली जागा आणि पायातली गुठळी

हल्ली माझ्या दवाखान्यात अधूनमधून एखादे जोडपे येते. मुलगा किंवा मुलगी परदेशी असते, बाळंतपण जवळ आलेले असते आणि तिकिटे हातात असतात. "डॉक्टर, विमानात बसायला हरकत नाही ना?" हा त्यांचा प्रश्न. मी रक्तदाब तपासतो, साखर पाहतो, गोळ्यांची चिठ्ठी लिहून देतो. एक प्रश्न मात्र मी बरीच वर्षे विचारत नव्हतो : "विमानात जागा कुठली मिळाली आहे?" तो विचारायला मला एका निवृत्त गुरुजींनी शिकवले.

गुरुजींचे वय अडुसष्ट. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. अमेरिकेहून परतताना नवरा-बायकोला वेगवेगळ्या रांगा मिळाल्या. गुरुजी खिडकीपाशी आणि शेजारी दोन अनोळखी माणसे गाढ झोपलेली. त्यांना उठवायचे कसे, या संकोचाने गुरुजींनी गोळी घेतलीच नाही, पाणीही घोटभरच प्यायले आणि पंधरा तासांत एकदाच उठले. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा डावी पोटरी सुजून टणक झाली होती. "पाय अवघडला असेल," असे ते म्हणाले. मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. डॉपलर तपासणीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. पुढे तीन महिने रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागले. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतले असते.

असे का होते? पोटरीचे स्नायू हा पायातले रक्त वर ढकलणारा पंपच आहे. तासन् तास पाय लोंबते ठेवून बसले की पंप बंद पडतो, रक्त साचते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. मग तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा असो वा बसचा. निरोगी माणसात हे प्रमाण साधारण सहा हजारांत एक, म्हणजे घाबरण्याजोगे नाही. पण पूर्वी गुठळी झालेली, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, लठ्ठपणा, गरोदरपण किंवा हार्मोनच्या गोळ्या असतील तर धोका वाढतो. खिडकीपाशी बसणारा कमी उठतो, म्हणून अशांनी वाटेलगतची जागा घ्यावी.

त्यासाठी तयारी घरूनच करावी. दोघांची तिकिटे एकाच पीएनआरवर काढावीत आणि तिकीट काढतानाच शेजारच्या दोन जागा, त्यांतली एक वाटेलगतची, मागून घ्यावी. यासाठी कधी जादा पैसे पडतात. ते द्यायचे नसतील तर वेब चेक-इन सुरू होताच जागा निवडावी. ते बहुधा उड्डाणाच्या २४ ते ४८ तास आधी सुरू होते. विमान बदलले तर जागाही बदलते, म्हणून आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. काहीच जमले नाही तर विमानतळावर लवकर जाऊन काउंटरवर आजार सांगून विनंती करावी. व्हीलचेअर मागितली म्हणजे जागाही सोयीची मिळेल, असे समजू नये. दोन्ही वेगळे सांगावे. संकटकाळच्या दाराजवळ पाय पसरायला ऐसपैस असते, पण वेळ आली तर दार उघडू शकेल अशा धडधाकट माणसालाच ती जागा देतात. गुडघेदुखीवाल्यांनी तिचा हट्ट धरू नये.

जागेवर बसल्यावर पायाशी पिशवी ठेवू नका. तासा-दोन तासांनी चक्कर मारा, बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवा, पाणी प्या. झोपेची गोळी आणि मद्य टाळा. लघवीची गोळी मनाने बंद करू नका; तिची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्याचे ऐकून ॲस्पिरिनही घेऊ नका. धोका जास्त असेल तर मापाचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखू लागला तर तो चोळू नका, लगेच दाखवा. छातीत दुखले किंवा एकाएकी धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.

गुरुजी पुढे पुन्हा अमेरिकेला जाऊन आले. या खेपेला निघण्यापूर्वी दवाखान्यात आले आणि मी विचारण्याआधीच म्हणाले, "डॉक्टर, वाटेलगतची मिळाली. ही शेजारी आहे." परदेशी असलेल्या मुलांना माझे एवढेच सांगणे : आई-वडिलांना तिकीट पाठवताना त्यांची जागाही पाहून ठेवा. शेजाऱ्याला उठवण्याचा संकोच आमच्या पिढीच्या अंगात मुरलेला आहे. तो विमानात बसल्यावर सुटत नाही.