रेशनकार्ड आपल्या घरात आलं, त्यात जपानी फौजेचा हात

रेशनकार्ड आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. मुंबईत रेशनिंग लागू झालं मे १९४३ मध्ये, आणि त्याचं एक मोठं कारण रंगूनला घडलं होतं. कसं, ते बघू या.

जपानला युद्धासाठी तेल, रबर आणि धान्य पाहिजे होतं. डिसेंबर १९४१ पासून सहा महिन्यांच्या आत त्याच्या फौजेने मलाया, सिंगापूर, फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि बर्मा घेतला. ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. तिथली लाखो हिंदी माणसं जीव मुठीत धरून निघाली. कितीतरी जण जंगलवाटेने पायी आले, हजारो वाटेतच दगावले.

त्याआधी बर्म्याहून वर्षाला दहा लाख टनांहून जास्त तांदूळ हिंदुस्थानात यायचा. कोकण आणि मुंबईला स्वतःचं पीक पुरत नव्हतं. हा तांदूळ बंद झाला, भाव चढले, साठेबाजी वाढली. मग सरकारने माणशी धान्य मोजून द्यायला सुरुवात केली. बंगालचे हाल तर विचारू नका. तिथे १९४२ मध्ये चक्रीवादळ आलं. जपानी येतील या भीतीने इंग्रजांनी किनाऱ्याकडच्या होड्या आणि धान्यही काढून घेतलं होतं. १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली.

मुलं विचारतात, "जपान तर नेताजींच्या बाजूने होता, मग तो वाईट कसा?" सवाल बरोबर आहे. आझाद हिंद फौजेला जपानची मदत होती, हे खरं. "आशिया आशियाई लोकांचा" अशी त्याची घोषणाही होती. पण ताब्यातल्या मुलखात काय झालं, ते अंदमानात दिसतं. २३ मार्च १९४२ ला जपानी पोर्ट ब्लेअरला उतरले. सैनिक घरांत घुसून कोंबड्या-अंडी उचलू लागले, तेव्हा झुल्फिकार अली या तरुणाने छर्‍याची बंदूक झाडली. कुणी मेलं नाही, तरी त्याला सगळ्यांसमोर हाल करून गोळी घातली. ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रेगंजला ४४ हिंदी लोकांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवून तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

मुलांना म्हणूनच सांगावं लागतं, की एका हुकूमतीचा जुल्म दाखवून दुसरीचा जुल्म माफ होत नाही. आणि घरात नव्वदीतले नाना-नानी असतील, तर रेशनच्या त्या पहिल्या दिवसांबद्दल त्यांना जरूर विचारा.