लोकवर्गणीचे भांडवल

नागभीडच्या आसपासचा मुलूख धानाचा. मळणी झाली की शेतकरी आपली पोती घेऊन खरेदीकेंद्रावर जातो, आणि तेथे पहिला वाद निघतो तो ओलाव्याचा. सरकारी खरेदीस १७ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. त्याहून अधिक निघाला तर माल पुन्हा वाळवावा व गाडीभाडे दुसऱ्यांदा भरावे. घरच्या घरी धानाचा ओलावा सांगणारे एखादे स्वस्त यंत्र तिकडच्या एखाद्या अभियंता तरुणाने रचिले, असे समजा. त्याची उपयुक्तता पटविण्यास व्याख्यान नको. परंतु एक नमुना टेबलावर चालविणे निराळे आणि शेकडो यंत्रे करून विकणे निराळे. साचे, सुटे भाग, तपासणी ह्यांस काही लाख रुपये लागणार. बँक तारण मागते. मग वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी आणि आईच्या पाटल्या ह्यांकडे घरातील सर्वांची दृष्टी वळते. अशा वेळी मुलगा ‘क्राउडफंडिंग’चे नाव काढतो. पुष्कळांकडून थोडे थोडे द्रव्य इंटरनेटच्या द्वारे गोळा करावयाचे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

महाराष्ट्रास ही कल्पना परकी नाही. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा व त्यातून देशी उद्योग उभारावा, ही योजना अंताजी दामोदर काळे ह्यांनी मांडिली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपानास जाऊन काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे जाणते कारागीर होते. रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे असत. म्हणजे एक लाख लोकांनी पैसा दिला तरी हाती येत अवघे १५६२ रुपये ८ आणे! ह्यावरून मंडळींची चिकाटी ध्यानी यावी. पण ह्या उदाहरणात एक गोष्ट सहज नजरेआड होते. पैसा देणाऱ्यास वाटा नको होता, नफाही नको होता. ते दान होते, आणि कारखाना ही कारागीर घडविणारी शाळाही होती. नफ्यासाठी निघालेल्या उद्योगाने तोच न्याय आपणांस लावून घेऊ नये.

आजच्या पद्धतीत देणारा बहुधा वस्तूच्या आशेने देतो. अमेरिकेत ‘किकस्टार्टर’वर २०१२ साली ‘पेबल’ नावाच्या मनगटी घड्याळासाठी जवळजवळ ६९,००० लोकांनी एक कोटीहून अधिक डॉलर दिले. घड्याळे उशिरा का होईना, पण मिळाली. उलट ब्रिटनमधील ‘झानो’ ह्या चिमुकल्या उडत्या यंत्रासाठी सुमारे १२,००० लोकांनी २३ लाख पौंड दिले. चित्रफितीत दाखविलेले काम यंत्राला प्रत्यक्षात साधेना, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनी बुडाली. त्याच वर्षी ईथन मॉलिक ह्यांनी केलेल्या पाहणीत किकस्टार्टरवरील सुमारे ९ टक्के योजनांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही, असे आढळले. परक्या मुलखात हे नऊ टक्के विस्मृतीत जातात. नागभीडमध्ये तेच लोक बाजारात रोज भेटावयाचे.

भागीदारी देऊन पैसा घ्यावा, तर तो मार्ग आपल्याकडे जवळपास बंदच आहे. सेबीने २०१४ साली ह्या विषयावर विचारपत्र काढिले, पण २०१६ मध्ये अनधिकृत संकेतस्थळांविषयी लोकांस सावधच केले. खाजगी कंपनीस सर्वसाधारण जनतेकडून भागभांडवल मागता येत नाही; खाजगी रीतीने भाग द्यावयाचे तरी एका आर्थिक वर्षात सामान्यतः दोनशे व्यक्तींची मर्यादा आहे. ही बंधने जाचक म्हणून पुष्कळजण कुरकुर करितात. आम्हांस ती योग्य वाटतात, कारण पाचशे रुपये देणारा शेतकरी ताळेबंद वाचीत बसणार नाही.

राहता राहिली आगाऊ मागणी, आणि आमच्या मते हाच तिचा खरा उपयोग. पाटल्या मोडून आईला जे कधीच कळणार नाही, ते ह्या मार्गाने आधी कळते: गिऱ्हाईक खरोखर आहे काय? झाडीपट्टीत नाटकाचे तिकीट लोक आनंदाने काढितात, कारण मंडप समोर उभा दिसतो. यंत्राचाही मंडप आधी दिसला पाहिजे. नमुना एक संपूर्ण हंगाम, निरनिराळ्या वाणांवर, खरेदीकेंद्रातील यंत्राशी ताडून पाहावा आणि चुकलेले आकडेही लोकांपुढे ठेवावेत. त्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करावा, कारण एकदा जगजाहीर झालेल्या युक्तीस पेटंट मिळणे कठीण. कंपनीने घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत माल देऊन फेडिली नाही तर कायद्याने ती ठेव ठरू शकते, म्हणून मुदत हंगामापेक्षा लांबवू नये.

समजा, यंत्र तीन हजारांस द्यावयाचे आणि तीनशे मागण्या आल्याखेरीज साचा परवडत नाही. मग नऊ लाखांचा आकडा उघड लिहावा, रक्कम निराळ्या खात्यात ठेवावी, आणि ठरल्या दिवशी दोनशे नव्वदच मागण्या आल्या असतील, तर उरलेल्या दहांची भर घरच्या पैशाने न घालता सर्वांचे पैसे परत करावेत.