सिकलसेल : मान्य करायला इतका वेळ का लागतो?

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या बौद्ध वस्तीत जाऊन सिकलसेलचे नाव काढून पाहा. ओट्यावर बसलेली माणसे आधी एकमेकांकडे पाहतात. मग कुणीतरी जाणता माणूस सांगतो, "आमच्या गावात नाई तसं काही." त्याच गावात हातापायाचे सांधे धरून रात्र रात्र रडणारे लेकरू असते. कायम पिवळ्या डोळ्यांची, शाळेत अर्धे वर्ष गैरहजर असणारी पोरगी असते. तिच्या दुखण्याला घरचे 'वात' म्हणतात, 'कावीळ' म्हणतात, 'अंगात रक्तच नाही' म्हणतात. काही घरी अजूनही 'बाहेरचं' म्हणतात आणि उतारा टाकतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात उतारा! रोग घरात नांदतो, फक्त त्याचे नाव घरात येऊ दिले जात नाही.

लोक अडाणी आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शिबिराला माणसे आली नाहीत की अधिकारी तेच लिहून पाठवतात. आम्हाला ते मान्य नाही. ज्या समाजाने एका पिढीत देव्हारे रिकामे केले, मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, पोरे शाळेत घातली, त्या समाजाला एक रक्ताचा कागद समजत नाही असे कसे म्हणावे? कागद समजतो. तो मान्य केला तर काय गमवावे लागेल हेही समजते. म्हणूनच तो ट्रंकेच्या तळाशी जातो.

आधी रोग काय तो समजून घेऊ. आपल्या तांबड्या पेशी गोल, मऊ असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून सहज जातात. सिकलसेलमध्ये त्यांतील हिमोग्लोबिन बदललेले असते, त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या अडकतात, रक्त थांबते, मरणप्राय वेदना उठतात. अशा पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. पानथरी वाढते, जंतुसंसर्ग वारंवार होतो. हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. तो आई आणि बाप या दोघांकडून येतो. दोघांकडून एकेक दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक असते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, म्हातारा होतो, त्याला पत्ताही नसतो. मात्र वाहकाचे लग्न वाहकाशी झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले लेकरू चांगले झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

इतकी साधी गोष्ट घरात शिरायला कधी कधी दहा वर्षे लागतात. पहिला रिपोर्ट आला की तो खोटा ठरतो, अदलाबदल झाली असेल म्हणतात. मग दुसऱ्या लॅबमध्ये, मग अकोल्याला, मग नागपूरला. तिथेही तेच निघाले की "आमच्या घराण्यात असं कोणालेच नवतं." यानंतर संशय सुनेकडे वळतो : तुझ्या माहेराहून आले. मुलाच्या बापाकडूनही अर्धा वाटा आल्याशिवाय हा रोग होतच नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेले वाक्य नेमके त्या दिवशी कुणाला आठवत नाही. मग झाडपाला, बाबा, 'शंभर टक्के बरे करतो' म्हणणारे दुकानदार. दोन एकर सोयाबीनचे पैसे तिकडे जातात. शेवटी एखाद्या कडाक्याच्या हिवाळ्यात पोराला वेदनेचा मोठा झटका येतो, बाप सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसलेला असतो आणि बाजूच्या बाकावरचा दुसऱ्या गावचा माणूस विचारतो, "तुमच्याही पोराले सिकलच का?" त्या प्रश्नाला हा पहिल्यांदा 'हो' म्हणतो. डॉक्टरांनी चार वेळा सांगून जे झाले नाही ते बाजूच्या बापाने एका प्रश्नात केले.

एलिझाबेथ क्युबलर-रॉस या स्विस वंशाच्या डॉक्टरबाईंनी 1969 मध्ये मरणाच्या दारातील रुग्णांवर पुस्तक लिहिले. नाकारणे, राग, घासाघीस, खिन्नता आणि मग स्वीकार, अशा पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या. त्या प्रत्येकाला त्याच क्रमाने चढाव्या लागत नाहीत, हेही पुढे मान्य झाले. आमच्या खेड्यात या पाचांच्या आड सहावी एक गोष्ट उभी असते : सोयरे काय म्हणतील?

यापेक्षा जुने आणि आपल्या घरचे उदाहरण किसा गोतमीचे आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला 'तुझे मूल मेले आहे' असे तोंडावर सांगितले नाही. जिथे कुणी मेले नाही अशा घरून मोहरी आण, एवढेच सांगितले. कथा प्रत्येक विहारात सांगितली जाते आणि 'मरण अटळ आहे' एवढाच अर्थ काढून लोक उठतात. पण बुद्धांनी केले काय ते पाहा. त्यांनी त्या बाईला स्वतः पुरावा गोळा करायला पाठवले. ती दारोदार गेली, प्रत्येक उंबऱ्यावर तिला तिच्यासारखेच कुणीतरी भेटले. संध्याकाळपर्यंत जे कळले ते कुणी तिच्या डोक्यावर आदळले नव्हते. आपण एकटे नाही हे कळल्यावरच तिने मूल कडेवरून खाली ठेवले.

आपल्या बाबतीत ही बातमी कशी आली? शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी 1910 मध्ये या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. विदर्भात नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला आणि त्यात महार समाजाचे नाव होते. हा काळ लक्षात घ्या. 14 ऑक्टोबर 1956 ला त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, लोकांनी जुने नाव, जुना शिक्का टाकून दिला. आणि दोनच वर्षांनी विज्ञान सांगत आले की तुमच्या रक्तात काहीतरी आहे! रक्त, वंश, जन्म हे शब्द ज्यांच्याविरुद्ध हजारो वर्षे वापरले गेले, त्यांना ही माहिती कशी ऐकू आली असेल? 'महारांचा रोग' असे म्हणणारे लोक आजही आहेत. या भीतीला अज्ञान म्हणणे हा अन्याय आहे.

या भीतीवर उत्तर आहे आणि ते विज्ञानातच आहे. अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की, वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसे मारली, तिथे हा दोष असलेली माणसे जास्त तगली. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा, मध्य भारत, सगळीकडे हीच कहाणी. विदर्भात तो आदिवासींत आहे, तेली-कुणबी समाजातही कमी-अधिक सापडतो. म्हणजे हा कलंक नाही, आपले पूर्वज हिवतापातून जगून निघाल्याची खूण आहे.

मग तो काही समाजांत इतका का साचला? इथे बाबासाहेबांकडेच यावे लागते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयीच्या निबंधात त्यांनी दाखवले की, जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. जातीच्या कुंपणात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत राहिली की वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढते. कुंपण आपण घातले नव्हते, पण आता आपणही त्याच्या आतच सोयरिकी शोधतो, त्यातही पोटजात पाहणारे महाभाग आहेतच. विजातीय लग्नाने हा दोष जगातून नाहीसा होत नाही, पण वाहक-वाहक जोड्या कमी होतात आणि दुखणे घेऊन जन्मणारी लेकरे कमी होतात.

आता धक्कादायक गोष्ट समाजाच्या गळी कशी उतरते याचा सर्वात मोठा धडा. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. देश हादरला, आपलीही माणसे हादरली. पंढरीच्या वाटेवर हयात गेलेल्या, घरात खंडोबा-मरीआई असलेल्या म्हाताऱ्यांना ते ऐकून झोप लागली नसेल. बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशी दीक्षा उरकली नाही. 1936 च्या मे महिन्यात मुंबईत परिषद घेऊन त्यांनी आपल्या माणसांपुढे धर्मांतराची कारणे सविस्तर ठेवली. पुढे लिहिले, बोलले, धर्म अभ्यासले, वाट पाहिली. येवला ते नागपूर, 21 वर्षे! ऐकणाऱ्याची मुले त्या काळात मोठी झाली. दीक्षाभूमीवर जे पांढऱ्या कपड्यांत आले, त्यांच्यापैकी कितीतरी जण ही गोष्ट ऐकतच वाढले होते. त्यांना धक्का बसायचा उरलाच नव्हता.

सिकलसेलबाबत आपण नेमके उलटे करतो. सुपारी फुटली, पत्रिका छापल्या, की कुणीतरी तपासणीचा विषय काढतो. त्या वेळी निकाल म्हणजे बॉम्बच. मुलगी वाहक निघाली तर लग्न मोडते, कारण गावभर होते, मुलाचा रिपोर्ट कुणी मागतच नाही. मुलाकडच्यांनी रिपोर्ट लपवला तर त्याला व्यवहार म्हणतात. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांचे बायोडाटे पाहा. उंची, पगार, 'रंग गोरा' (हो, आपल्याकडेही!), मामाकुळ, सगळे असते. कुंडली आपण सोडली हे चांगलेच झाले, पण तिच्या जागी ठेवण्यासारखा एक कागद होता, तो मात्र ठेवला नाही. आमचे मत असे की निकाल बायोडाट्यावर छापू नये, नाहीतर एक नवी अस्पृश्यता सुरू होईल. मात्र बोलणी पुढे सरकण्याआधी दोन्ही बाजूंनी तो एकमेकांना दाखवावा. एक वाहक आणि एक निरोगी, हे लग्न खुशाल करावे.

तपासणी आठवी-नववीत व्हावी, लग्नाचा विषय घरात येण्याच्या कितीतरी आधी. चौदा वर्षांच्या पोरीला कळले की ती वाहक आहे, तर तिच्याजवळ ते पचवायला निदान आठ-दहा वर्षे असतात. आजार असलेल्या लेकराला तर त्याहून आधी कळणे गरजेचे, कारण फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, लसी, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध वेळेत सुरू झाले तर झटके कमी होतात, आयुष्य वाढते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट. वाशिम 2018 पासून 'आकांक्षित' जिल्हा आहे. मागासलेला म्हणायचे नाही म्हणून हा शब्द. आकडे गाठायचे असले की शिबिरे होतात, रक्त घेतले जाते आणि निकाल महिनोन्‌महिने येत नाही. कधी तो ग्रामपंचायतीसमोर लाभार्थ्यांच्या यादीसारखा सर्वांदेखत वाचला जातो. असे एकदा झाले की त्या गावात पुढची पाच वर्षे कुणी बोट पुढे करत नाही. नागपूरच्या सिकलसेल सोसायटीचे संपत रामटेके यांनी हयात घालवून जे काम उभे केले, ज्यासाठी 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, ते रुग्णांच्या नातलगांना एकत्र बसवून केले. सांगणारा स्वतः त्यातून गेलेला असला की ऐकणाऱ्याचे अर्धे ओझे उतरते.

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम, सहाही तालुक्यांत गावोगावी विहार आहेत. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावासात तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, बायाबापड्या रोज संध्याकाळी येतात. यातली एक संध्याकाळ आशाताईला द्या, दुसरी एखाद्या सिकलसेलग्रस्त पोराच्या आईला. पहिल्या वर्षी माणसे ऐकून उठून जातील, जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी कुणीतरी प्रश्न विचारेल. बोटातून थेंबभर रक्त लागते आणि प्राथमिक चाचणी तिथल्या तिथे होते. त्यात दोष दिसला तर रुग्ण की वाहक हे ठरवायला मोठ्या दवाखान्यातली दुसरी चाचणी करावीच लागते. तिचा निकाल बंद पाकिटात द्यावा आणि पोरगी सज्ञान असेल तर ते पाकीट बापाच्या, भावाच्या किंवा सरपंचाच्या नव्हे, तिच्याच हातात द्यावे.