रसग्रहण : पावतीशिवाय नोंद नको

प्रथम सत्राची परीक्षा आणि दिवाळीचा हंगाम आपल्या घरांत हातात हात घालूनच येतात. खाली दुकानात मालाची आवक चालू असते आणि वर माडीवर दहावीतला मुलगा पुस्तकापुढे बसलेला असतो. गणिताला शिकवणी असते, विज्ञानाला असते. मराठी मात्र ‘होऊन जाईल’ असे आपण गृहीत धरतो. मग रसग्रहणाच्या प्रश्नापाशी गाडी अडते.

गतवर्षी शेजारच्या किराणा व्यापाऱ्यांचा मुलगा असाच माझ्याकडे आला. बहिणाबाई चौधरी यांच्या संसारावरील कवितेचे रसग्रहण त्याने मार्गदर्शकातून पाठ केले होते. ‘सहजसुंदर शब्द’, ‘हृदयस्पर्शी भाव’ अशी वाक्ये त्याने घडाघडा म्हणून दाखवली. मी विचारले, “कवितेचे नाव झाकले, तर हे उत्तर कोणत्या कवितेचे आहे, ते ओळखता येईल का?” क्षणभर थांबून तो म्हणाला, “नाही काका. कोणत्याही कवितेला चालेल.”

बँकेत कर्जप्रस्तावावर ‘अर्जदार प्रामाणिक व मेहनती आहे’ एवढीच टिपणी आली, तर आम्ही ती परत पाठवीत असू. प्रत्येक विधानामागे कागद हवा. व्यापारातही पावतीशिवाय नोंद होत नाही. रसग्रहणाचा नियम याहून निराळा नाही. कवितेबद्दल जे म्हणावयाचे, त्याचा पुरावा कवितेतल्या शब्दातच दाखवावा लागतो.

येथे एक भेद मुलांना आधीच समजावून द्यावा. कवीने काय सांगितले, हा भावार्थ. ते कसे सांगितले आणि तसे सांगितल्यामुळे काय साधले, हे रसग्रहण. बहुतेक मुले भावार्थ लिहूनच थांबतात आणि तेथेच गुण जातात.

आम्ही दोघांनी कविता तीनदा मोठ्याने वाचली. संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा का दिली असेल, असे मी विचारले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “आजीच्या बोटांवर चटक्यांचे डाग आहेत. तिला विचारले, तर ती हसते.” मी म्हणालो, “हेच लिही. भाकरीच्या आधी चटका येतो, हे कवयित्रीने स्वयंपाकघरातल्या वस्तूतून दाखवले, म्हणून उपदेश न करताही ते पटते.”

मग भाषेकडे वळलो. बहिणाबाई (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; घरकाम आणि शेतकाम करताना त्या ओव्या रचीत. पुत्र सोपानदेव यांच्यामुळे त्या जपल्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. खानदेशी बोली आणि ओवीची लय या कवितेत का शोभते, याचे उत्तर त्या जीवनातच आहे. ‘संसार’ हा शब्द पुन्हा पुन्हा का येतो, हे मुलाने स्वतःच हेरले.

पालकांनी एवढेच करावे. परीक्षेआधी दहा दिवस, रोज अर्धा तास, एक कविता. मुलाला ती मोठ्याने वाचावयास सांगावी. आवडलेल्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावयास लावावी आणि ‘हाच शब्द का?’ एवढे विचारावे. मग आशय, काव्यसौंदर्य आणि भाषा या तीन मुद्द्यांवर त्याने पुस्तक मिटून स्वतःच्या वाक्यांत लिहावे. शेवटी प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार आहे की नाही, ते तपासावे. आपल्याला मराठी साहित्य अवगत नसले, तरी हा ताळा घेता येतो.

त्या मुलास चारांपैकी तीन गुण मिळाले. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या होत्या. मार्गदर्शकातले उत्तर लिहिले असते, तर कदाचित तितकेच मिळाले असते. पण दिवाळीच्या पाडव्याला तो मला भेटावयास आला, तेव्हा म्हणाला, “काका, उत्तर लिहिल्यावर ती कविता मी आजीला वाचून दाखवली. तिला ती सगळी पाठ होती.”

एकाच घरात इतकी वर्षे राहून हे त्याला ठाऊक नव्हते.