तिच्या हाती कोणता कागद?

दिवाळी सरली की आमच्या वरठीच्या आसपास मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावाला, उद्या त्या गावाला. लेकी माहेरी येतात, घरं पाहुण्यांनी भरतात, दंडार आणि खडी गंमत रंगते. अलीकडे काही गावांत ‘डान्स हंगामा’चीही भर पडली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीत अशा कार्यक्रमातल्या अश्लील नाचाची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि एकच गदारोळ झाला. ‘त्या बाया तशाच’ म्हणून आपण मोकळ्या झालो.

बचत गटात विषय निघाला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, ‘‘परवानगी तं मंडळाच्या नावानं रायते ना ताई? मंग तिच्या हाती कोनता कागद रायते?’’

प्रश्न साधा, पण नेमका. आपल्या राज्यात डान्सबारवरून चौदा वर्षं कोर्टकचेरी झाली, ती पाहिली की त्याचं वजन कळतं. 15 ऑगस्ट 2005 पासून सरकारने डान्सबार बंद केले. तीन आणि त्याहून जास्त तारांकित हॉटेलांना मात्र सूट! म्हणजे नाच तोच, फक्त गिऱ्हाईक श्रीमंत हवं. हजारो बायकांची रोजी एका रात्रीत गेली. एप्रिल 2006 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. 2014 मध्ये पुन्हा बंदी, 2015 मध्ये तिला स्थगिती, मग 2016 चा नवा कायदा.

त्या कायद्याच्या नावातच बायकांच्या प्रतिष्ठेचं रक्षण आहे. नियमांत मात्र कठडा, कॅमेरे, शाळा-देवळापासूनचं अंतर यांचीच मोजमापं जास्त. 17 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने कॅमेऱ्यांची आणि अंतराची अट काढली. संध्याकाळी 6 ते रात्री 11.30 ही वेळ ठेवली. बक्षिसी चालेल, पण नोटा उधळायच्या नाहीत, असंही बजावलं. आणि एक मोलाची गोष्ट कायम ठेवली: तिच्याशी लेखी करार हवा आणि तिचा मोबदला बँक खात्यात जमा व्हायला हवा.

मला विचाराल तर, सगळ्या भानगडीत तिच्या उपयोगाचं एवढंच. करार असला तर मालकाला ‘ही कोण, आम्ही ओळखत नाही’ म्हणता येत नाही. पैसा खात्यात आला तर मधला दलाल खाऊ शकत नाही.

पण हा कायदा हॉटेल, उपाहारगृह आणि बारपुरता. मंडईच्या मंचावर नाचणारी त्यात बसत नाही. परवानगी आयोजकाची, सुपारी दलालाची, बदनामी तेवढी तिची.

तिचं नाव ठाण्यातल्या यादीत चढवा, असं मी म्हणत नाही. तसला शिक्का तर जन्मभर पुसला जात नाही. कागद असावा तो तिच्यात आणि बोलावणाऱ्यात: काय सादर करायचं, किती वाजेपर्यंत, मोबदला किती, राहण्याची आणि परतीची सोय कोणाची. मंडळ परवानगी मागायला गेलं की तो दाखवायला सांगावा.

मंडईची वर्गणी आपल्याही घरातून जाते, बायांनो. यंदा पावती फाडताना एवढं विचारायला काय हरकत आहे?