आशिया-पॅसिफिक रॅलीचा मोसम : जिंकतो तो सगळ्यात वेगवान की गाडी परत आणणारा?

सीमाभागात ‘रॅली’ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येते ती झेंडे लावलेली मोटारसायकल रॅली. पण आपल्याच राज्यात, हुबळी-दावणगेरे मागे टाकून खाली चिकमगळूरला गेलं की रॅली या शब्दाचा अर्थ बदलतो. तिथल्या कॉफीच्या मळ्यांत ‘आशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप’ची भारतातली फेरी झाली आहे. २०१६ च्या मोसमाचा शेवट तिथेच झाला आणि त्या वर्षीचा विजेता होता दिल्लीचा गौरव गिल.

बातम्यांत ‘भारतीय चालक आशियाचा विजेता’ एवढंच आलं. पण हा मोसम चालतो कसा, गुण कसे मोजतात, सगळ्यांत वेगाने गाडी मारणाराच जिंकतो का, हे अनेकांना ठाऊक नसतं. ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

शर्यत माणसाशी नाही, घड्याळाशी

फॉर्म्युला वनमध्ये सगळ्या गाड्या एकदम सुटतात. रॅलीत तसं नसतं. गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडतात. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ बसायला वेळ लागतो, म्हणून हे अंतर बऱ्याचदा दोन मिनिटांचं असतं. रस्त्यावर कोणी कोणाला मागे टाकत नाही, टाकायचं असतं ते घड्याळाला.

वेगाने गाडी मारायच्या, रहदारीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला ‘स्पेशल स्टेज’ म्हणतात. दोन-तीन दिवसांत असे अनेक तुकडे पार करायचे, सगळ्यांच्या वेळेची बेरीज करायची, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. एका स्टेजवरून दुसरीकडे जाताना मात्र गाडी साध्या रस्त्याने, वाहतुकीचे नियम पाळूनच न्यावी लागते. त्या प्रवासालाही वेळ ठरवून दिलेली असते. चौकीवर एक मिनिट उशीर झाला तर १० सेकंदांचा दंड. एक मिनिट लवकर पोहोचलात तर दंड पूर्ण एक मिनिटाचा! म्हणजे घाई करणाऱ्याला शिक्षा जास्त.

शेजारी बसलेला माणूस काय करतो?

गाडीत दोघं असतात, चालक आणि नेव्हिगेटर. २०१६ मध्ये गिलच्या शेजारी ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकनील होता. रॅलीच्या आधी दोघं मर्यादित वेगाने रस्ता पाहून येतात आणि प्रत्येक वळणाची नोंद वहीत करतात. वळण डावं की उजवं, किती तीव्र, पुढे सरळ रस्ता किती मीटर, कुठे दगड, कुठे ओढा. स्पर्धेत नेव्हिगेटर ती वही वाचत जातो आणि समोरचं वळण दिसण्याआधीच चालक स्टिअरिंग फिरवायची तयारी करतो. वाचताना एक ओळ चुकली तर गाडी सरळ झाडावर. वेळेच्या चौक्यांचा हिशेबही नेव्हिगेटरच सांभाळतो. म्हणून विजय दोघांचा असतो, जरी आपण नाव एकाचंच घेत असलो.

एक मोसम, किती तऱ्हेचे रस्ते

आशिया-पॅसिफिक मालिका १९८८ पासून आहे. २०१६ चा मोसम एप्रिलअखेरीस न्यूझीलंडमधल्या व्हांगारेईत सुरू झाला आणि वर्षअखेर चिकमगळूरला संपला. मधल्या फेऱ्यांत मलेशिया आणि जपानच्या होक्काइडोसारखी ठिकाणं होती.

खरी परीक्षा इथेच असते. न्यूझीलंडचे खडीचे रस्ते वेगवान आणि वळणांवर एका बाजूला कललेले. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांतून रस्ता, वर उकाडा, आणि पाऊस आला की घसरणारा चिखल. होक्काइडोच्या जंगलात पुढच्या गाड्या गेल्या की मागच्यांसाठी खोल चाकोऱ्या पडलेल्या. आणि चिकमगळूरला मळ्यातली अरुंद तांबडी वाट, दोन्ही बाजूंना झाडं, चुकीला जागाच नाही. वर्षअखेर तिथे अरेबिका कॉफीची तोडणी सुरू असते. ज्या वाटेने एरवी मजूर आणि ट्रॅक्टर जातात, तीच वाट काही तासांसाठी स्पर्धेची होते.

गिलची गाडी होती स्कोडा फॅबिया आर-५. इंजिन फक्त १.६ लिटरचं, पण टर्बो, आणि चारही चाकांना ताकद. संघ होता चेन्नईच्या एमआरएफ टायर कंपनीचा. एवढ्या तऱ्हेच्या रस्त्यांवर टायर घासून पाहायला मिळणं म्हणजे टायर कंपनीसाठी चालती प्रयोगशाळाच. २०१२ ते २०१७ अशी सलग सहा वर्षं चालकांचं विजेतेपद याच संघाच्या चालकांकडे होतं. त्यातले बाकीचे सगळे परदेशी. भारतीय एकच, गिल. तो २०१३, २०१६ आणि २०१७ असा तीनदा जिंकला.

गुणांचा जमाखर्च

आता मूळ प्रश्न. २०१६ च्या मोसमात रॅलीत पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ असे गुण उतरत जात. याशिवाय दिवसाच्या कामगिरीचे काही वेगळे गुण असत, ते इथे बाजूला ठेवू.

समजा, मोसमात सहा फेऱ्या आहेत. एका चालकाने चार फेऱ्या जिंकल्या, पण दोनदा गाडी ठोकून तो बाहेर पडला. त्याचे गुण झाले १००. दुसरा एकही फेरी जिंकला नाही, पण सहाही ठिकाणी दुसरा आला. त्याचे १०८. मोसमाचा विजेता हा दुसराच!

वाण्याच्या दुकानासारखंच आहे हे. एखाद्या दिवशी गल्ला भरून वाहिला म्हणून वर्ष नफ्यात जात नाही, बुडीत खातं किती हेही बघावं लागतं. रॅलीत शून्य हे सर्वांत मोठं बुडीत खातं. म्हणून मुरलेला चालक आघाडी मिळाली की वेग थोडा उतरवतो आणि गाडी घरी आणतो. दिवसाअखेर दुरुस्तीला मेकॅनिकांच्या हाती असतात फक्त ४५ मिनिटं. तेवढ्यात जे सुधारत नाही, ते दुसऱ्या दिवशी तसंच घेऊन पळावं लागतं. २०१६ च्या मोसमावर गिलचं वर्चस्व राहिलं ते वेगामुळे होतंच, पण वेग आणि गाडी टिकवणं ही दोन्ही खाती त्याने जुळवली. त्याचा संघातला सोबती, जर्मनीचा फॅबियन क्राईमही त्याच बनावटीची गाडी चालवत होता. त्यामुळे गाडी चांगली म्हणून जिंकला, असं म्हणायला जागा राहिली नाही.

मान उशिरा मिळाला

गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१९ मध्ये, म्हणजे पहिल्या विजेतेपदानंतर सहा वर्षांनी. मोटारस्पोर्टमधल्या खेळाडूला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ. तोवर गाडी पळवणं हा श्रीमंतांचा शौक, अशीच आपल्याकडची समजूत होती. खर्च अफाट आहे हे खरंच. तरी मराठी माणूस यात अगदीच नाही असं नव्हे. पुण्याचे संजय टकले यांनी आशिया-पॅसिफिकच्या रॅलींमध्ये गाडी चालवली आहे.

रस्ता बंद म्हणजे बंद

याच २०१९ सालाची दुसरी आठवण कडू आहे. सप्टेंबरमध्ये राजस्थानात बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीची फेरी सुरू असताना स्पर्धेच्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि धडकेत तिघांचा जीव गेला. रॅली बंदिस्त ट्रॅकवर होत नाही, लोकांच्या रोजच्या वाटेवर होते. त्यामुळे दोरी बांधणारा, शिट्टी घेऊन उभा असलेला स्वयंसेवक चालकाइतकाच महत्त्वाचा. आपल्याकडून कोणी रॅली बघायला गेलंच, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं नाही आणि मोबाईलसाठी दोरी ओलांडायची नाही, एवढं पाळलंच पाहिजे.

आणि एक गोष्ट पोरांसाठी. शनिवार-रविवारी चोर्ला घाटात गाडी दामटणं म्हणजे रॅली नव्हे. तिथे समोरून बस येते, दूधवाला येतो. रॅलीत रस्ता बंद असतो, डोक्याला हेल्मेट, गाडीत लोखंडी पिंजरा, शेजारी वळण वाचणारा माणूस आणि खिशात महासंघाचा परवाना असतो. एवढं सगळं असूनही वर्षाचा विजेता तोच ठरतो, ज्याला कुठे थोडं सावकाश जायचं हे कळतं.