भुलीआधीची उलटतपासणी

सासूबाईंच्या पायाची रक्तवाहिनी चोंदली, बोटं काळी पडायला लागली, तशी आम्ही धाराशिवहून सोलापूर गाठलं. त्यात त्यांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के. मला वाटलं, खरी परीक्षा सर्जनची. पण आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई आल्या आणि अर्धा तास नुसती उलटतपासणी! जिना चढताना दम लागतो का? रात्री उशा किती? दात हलतात का? गोळ्या कुठल्या?

सासूबाईंचं सगळ्याला एकच उत्तर, "नाही." (आपल्या बायकांचं हे ठरलेलंच, डॉक्टरलासुद्धा त्रास नको!) शेवटी मीच पिशवीतून रक्त पातळ करायची गोळी काढली. त्या दिवशी सकाळीही घेतलेली!

डॉक्टरबाई गंभीर झाल्या. पाठीत सुई देऊन भूल द्यायचं चाललं होतं. रक्त पातळ असताना ती सुई टोचली, तर मणक्यात रक्त साकळून पाय कायमचे लुळे पडू शकतात. ऑपरेशन पाच दिवस पुढं गेलं. ते पाच दिवस मी रोज सकाळी आधी ती बोटं बघायची.

अशात एकदा मी विचारलं, "पंपिंग याहून खाली गेलं तर?" त्या म्हणाल्या, "काहींच्या छातीत छोटा पंप बसवतात, एलव्हॅड. तो डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. रक्त सलग वाहतं, म्हणून कित्येकांची नाडीच हाताला लागत नाही!" दंडाच्या पट्ट्यानं बीपीही धड कळत नाही. अशा माणसाच्या मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन असलं, की धमनीत बारीक नळी घालून दाब बघायचा. पंप डाव्या बाजूचा. उजवी बाजू स्वतःच्याच बळावर. ऑक्सिजन कमी पडला, की तिच्यावर ताण. रक्त पातळ ठेवावं तर रक्तस्राव, औषध थांबवावं तर पंपात गुठळी. शिवाय पोटातून निघालेली वायर न् कमरेची बॅटरी सांभाळायची ती वेगळीच. ऐकूनच मला घाम फुटला.

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्या काळी हैदराबादला रूपाबाई फरदुनजी क्लोरोफॉर्म देत. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. तेव्हा या कामात बायका आजच्या नाहीत!

सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. एक बोट गेलं, पाय राहिला.

घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, तर सासूबाई म्हणतात, "सर्जन कोण होता, ध्यानात नाही बाई. पण ती झोपवणारी लई चौकस होती!"